नर्सिंग होमची भिंत कशी वाचायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करा. फोनवर इंग्रजीत शोधा, चांगलं नर्सिंग होम कसं निवडावं. समोर ढीगभर लेख येतील. त्यात लिहिलेलं असतं की बाग आहे का बघा, जेवण कसं आहे विचारा, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होतो का ते पाहा. आता आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर उभे राहा. तिथेही पाटी असते, 'अमुक अमुक नर्सिंग होम, मॅटर्निटी अँड सर्जिकल'. तिथे बाग नसते. खाली मेडिकल, पहिल्या मजल्यावर ओपीडी, दुसऱ्यावर दहा-बारा कॉट, आणि सगळ्यात वर डॉक्टर साहेब आणि मॅडमचं घर. गच्चीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी.

शब्द तोच, जागा वेगळी. असं का झालं, हा आजचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. हा पॉडकास्ट ऐकणारे तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत नोकरी करतात आणि आई-बाबा गावाकडे असतात. रात्री अकराला फोन येतो, "बाबांना बरं वाटत नाहीये, कुठं नेऊ?" तेव्हा तुम्ही काय बघून सांगता?

माझं म्हणणं असं की उत्तर नर्सिंग होमच्या भिंतीवरच लिहिलेलं असतं. तिथल्या प्रत्येक पाटीमागे एक इतिहास आहे, आणि तो कळला की ती भिंत वाचता येते.

शब्दाची गोष्ट

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हॉस्पिटल ही गरिबांची जागा होती. श्रीमंत माणूस आजारी पडला की डॉक्टर त्याच्या घरी यायचा, ऑपरेशनही घरीच व्हायचं. मधल्या वर्गाची अडचण व्हायची. घरी नर्स ठेवणं परवडत नाही आणि धर्मादाय हॉस्पिटलात जायला लाज वाटते. त्यांच्यासाठी छोट्या खाजगी जागा निघाल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावर जाण्याआधी, १८५३ मध्ये, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या अशाच एका संस्थेचं काम बघत होती. पुढे अशा जागांना नर्सिंग होम म्हणू लागले. त्या इतक्या वाढल्या की १९२७ मध्ये ब्रिटनने त्यांच्या नोंदणीचा कायदा केला.

इथून रस्ते फुटतात. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आली, बहुतेक हॉस्पिटलं सरकारकडे गेली, आणि नर्सिंग होम हा शब्द हळूहळू म्हाताऱ्यांच्या देखभालीपुरता उरला. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हाताऱ्यांना मदत मिळू लागली, पण सरकारी गरीबगृहात राहणाऱ्यांना ती नव्हती. त्यामुळे पैसे घेऊन म्हाताऱ्यांना ठेवणारी खाजगी घरं वाढली.

आपल्याकडे यातलं काहीच झालं नाही. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल १८४५ चं, पुण्याचं ससून १८६७ चं. मोठी हॉस्पिटलं मोठ्या शहरांत आणि बाकी मुलूख मोकळा. त्या मोकळ्या जागेत खाजगी डॉक्टरांनी दहा कॉटचे दवाखाने उघडले आणि इंग्रजांचा जुना शब्द पाटीवर लावला. तिकडे शब्दाचा अर्थ बदलला, इकडे जुना अर्थ चालू राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर, जुनं व्हर्जन आपल्याकडे अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

पहिली पाटी: डॉक्टरची डिग्री

आता भिंतीकडे वळू. सगळ्यात आधी दिसते ती डॉक्टरच्या नावाची पाटी. नाव, डिग्री आणि खाली बारीक अक्षरात रजिस्ट्रेशन नंबर. तो नंबर बहुतेक जण वाचत नाहीत.

मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला १९१२ मध्ये. तोपर्यंत कोण डॉक्टर आणि कोण नाही हे सांगणारी इलाख्याची अधिकृत यादीच नव्हती. त्या काळात छोट्या गावात आधुनिक उपचार पोचले ते मुख्यतः मिशनऱ्यांमुळे. मिरजेचं उदाहरण सगळ्यात मोठं. विल्यम वानलेस नावाच्या डॉक्टरने १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. रेल्वेचं जंक्शन असल्याने लांबलांबून पेशंट यायचे. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आज सांगली-कोल्हापूरकडचा माणूस "मिरजेला नेलं" म्हणतो तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही, आजार मोठा आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

तर पहिला धडा. त्या नंबरावर डॉक्टर खरा आहे का हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बघता येतं. डिग्री कशाची आहे तेही बघा. हाडाच्या ऑपरेशनला हाडाचा डॉक्टर हवा, हे सांगायची गरज वाटत नाही, पण घाईत आपण पाटीवरचं फक्त नाव वाचतो.

जी पाटी नसते: नर्सची

नर्सिंग होममध्ये नर्सचीच पाटी नसते. गंमत नाही, खरंच बघा.

मराठी समाजात नर्सचं काम प्रतिष्ठेचं व्हायला वेळ लागला. परक्या माणसाची शुश्रूषा, रात्रपाळी, रक्त आणि घाण. 'चांगल्या घरातली' बाई हे करणार नाही अशी समजूत होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या मुलींना, त्यात विधवाही होत्या, ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण घ्यायला पाठवलं. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा त्यासाठी लोकांचं बरंच बोलणं ऐकावं लागलं. नर्स आणि सुईणींच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा आला १९३५ मध्ये. म्हणजे डॉक्टरनंतर २३ वर्षांनी.

छोट्या गावात आजही ही सगळ्यात नाजूक जागा आहे. सगळ्यांना आपण 'सिस्टर' म्हणतो. त्यातल्या काही जीएनएम किंवा बीएससी झालेल्या असतात, काही हाताखाली शिकून तयार झालेल्या मुली असतात. त्या मुलींना कमी लेखायचा हेतू नाही, त्यातल्या कित्येक जणी कामाला फार चोख असतात. पण डॉक्टर दिवसातून दोनदा राउंड घेतो. पहाटे तीनला सलाईन संपतं तेव्हा जवळ असते ती सिस्टर. म्हणून विचारायचा प्रश्न असा: "रात्रपाळीला शिकलेली नर्स असते का? किती पेशंटमागे एक?"

१९४९: इमारतीची नोंद

डॉक्टर झाला, नर्स झाली. मग पाळी आली जागेची.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये नर्सिंग होम नोंदणी कायदा केला. त्यातली नर्सिंग होमची व्याख्या ब्रिटनच्या १९२७ च्या कायद्याशी बरीचशी जुळते: आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा, आणि त्यात प्रसूतिगृहही आलं. नोंदणीशिवाय असं ठिकाण चालवायचं नाही, तिथे पात्र डॉक्टर हवा, पात्र नर्स हवी, आणि अधिकाऱ्याला आत येऊन तपासणी करता यावी. कागदावर उत्तम.

आता ऐका. हा कायदा सुरुवातीला लागू होता तो मुंबई आणि मोजक्या मोठ्या शहरांना. सगळ्या महाराष्ट्राला तो लागू झाला २००५ च्या दुरुस्तीने. हिशोब करा, ५६ वर्षं. आमच्या ऑफिसात एखादं फीचर दोन शहरांत लाँच करून बाकीच्यांना ५६ वर्षांनी दिलं असतं तर काय झालं असतं, विचार करा. आणि जिथे कायदा होता तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. मुंबईत तो नीट राबवला जात नाही म्हणून १९९० च्या सुमारास उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तेव्हा कुठे तपासणीसाठी समिती नेमली गेली.

याचा अर्थ, तुमचा-माझा जन्म ज्या तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये झाला, तिथे त्या दिवशी ऑक्सिजन होता का, नर्स किती होत्या, हे विचारायचा अधिकार या कायद्याखाली कोणालाच नव्हता. ती जागा चांगली असेलही. बहुतेक असेलच. पण ते सगळं डॉक्टरच्या सज्जनपणावर चालू होतं.

मग लोक निवडायचे कसं?

लोकांनी आपली पद्धत बनवली. "त्यांच्या हाताला गुण आहे." "आपल्या वहिनीचं बाळंतपण त्यांनीच केलं." "रात्री उठवलं तरी चिडत नाहीत." "पैशासाठी अडवत नाहीत." हे गावाचं रेटिंग होतं, आणि पाच चांदण्यांच्या आजच्या ऑनलाइन रिव्ह्यूपेक्षा जास्त भरवशाचं होतं, कारण सांगणारा माणूस ओळखीचा असायचा.

पण हे रेटिंग काय मोजतं ते बघा. ते डॉक्टरचा स्वभाव मोजतं. रक्त कुठून आणणार, भूल कोण देणार, लाइट गेली तर जनरेटर आहे का, हे त्यात येत नाही.

याची किंमत काय असू शकते हे सांगणारा एक खटला आहे. १९५३ चा मे महिना. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. विशीतला एक मुलगा समुद्रकिनाऱ्यावर पडला आणि मांडीचं हाड मोडलं. गावात उपचार काय, तर पायाला लाकडी पट्ट्या बांधल्या. वडील स्वतः डॉक्टर, पण दुसऱ्या गावी. ते आले, मुलाला गाडीत घातलं आणि पुण्याला निघाले. सुमारे २०० मैल, जवळजवळ ११ तास. पुण्यात खाजगी हॉस्पिटलात भरती केलं, आणि त्याच दिवशी रात्री मुलगा गेला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढल्यामुळे त्याला शॉक बसला, असं कोर्टाने मानलं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये निकाल लागला. भरपाई ३,००० रुपये. पंधरा वर्षांनी.

पण त्या निकालाने एक गोष्ट दिली, जी आजही देशभरातल्या खटल्यांत सांगितली जाते. कोर्ट म्हणालं, डॉक्टरची तीन कर्तव्यं आहेत. पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी घेणं, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी घेणं, आणि तो उपचार करताना काळजी घेणं.

पहिलं कर्तव्य परत वाचा. *घ्यायचा की नाही.* म्हणजे "ही केस माझ्याकडे होणार नाही" असं सांगणं हाही डॉक्टरकीचा भाग आहे.

आमच्या घरचा प्रसंग

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मागे आजी अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. गावात दोन नर्सिंग होम. काकांचं म्हणणं, "अरे, आपल्या पाव्हण्यांचं हाय ते. रात्री-अपरात्री कवाबी फोन उचलतोय. तिथंच न्यायचं." मी पुण्याहून पोचेपर्यंत आजी तिथे होती. मी विचारलं, भूल कोण देणार, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का, खर्चाचा अंदाज लिहून मिळेल का. उत्तर आलं, "सगळं होतंय हो, तुम्ही काळजी नका करू." ते गोड बोलले, पण माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती.

मग दुसरीकडे गेलो. तिथले डॉक्टर रिपोर्ट बघत पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "हे बघ बाळ, हाड मी बसवीन. रोज बसवतो. पण आजींचं हृदय कमजोर आहे. ऑपरेशननंतरची पहिली रात्र आयसीयूत काढायला पाहिजे, आणि ती माझ्याकडे नाही. मिरजेला न्या. मी चिठ्ठी देतो."

काकांना ते पटेना. "जो नाही म्हणतो तो कसला डॉक्टर?" मी त्यांना तिथेच कॉरिडॉरमध्ये १९६८ चा निकाल सांगायला लागलो, त्यावर आजी स्ट्रेचरवरून ओरडली, "आधी मला न्या, मग भाषण कर!" मिरजेला नेलं. आजी आता काठी घेऊन चालते आणि त्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे बीपी तपासायला जाते. ती सगळ्यांना सांगते, "त्यानं मला नको म्हटलं, म्हणून मी वाचले."

बाकीच्या पाट्या

भिंतीवर आणखी काय असतं? 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' ही पाटी आपण इतक्यांदा बघितलीय की ती दिसेनाशी झालीय. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा.

'डॉक्टरांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड.' ही २०१० च्या कायद्याची पाटी. ती वाचून वाईट वाटतं. काचा फुटल्या, मारहाणी झाल्या, म्हणून ती लावावी लागली. छोट्या गावातला डॉक्टर अवघड केस घ्यायला घाबरतो, यामागे हेही एक कारण आहे, आणि ते आपण समजून घेतलं पाहिजे.

एक बदल पाटीवर दिसत नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तेव्हापासून पेशंटला दाद मागायला तुलनेने सोपी जागा मिळाली. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार तुम्ही मागितल्यावर ७२ तासांत पेशंटची कागदपत्रं द्यावी लागतात. फाइल मागणं म्हणजे डॉक्टरवर संशय घेणं नव्हे, तो नियम आहे.

आणि सगळ्यात नवी पाटी. २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. कोविडच्या बिलांनी सगळे हैराण झालेले असताना हे आलं.

आता तारखा एका ओळीत ठेवा. १९१२ डॉक्टर, १९३५ नर्स, १९४९ इमारत, २००५ छोट्या गावातली इमारत, २०२१ पेशंट. ज्याच्यासाठी हे सगळं आहे, त्याचा नंबर शेवटी लागला. त्याला विचारायचा हक्क मिळून अजून फार वर्षं झालेली नाहीत, म्हणून विचारताना आपल्याला संकोच वाटतो आणि समोरच्याला राग येतो.

तर करायचं काय?

पहिलं, आजारी नसताना जा. पुढच्या वेळी गावी गेलात की चहा पिऊन झाल्यावर एक चक्कर मारा. नोंदणीचं सर्टिफिकेट लावलंय का आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. त्याचं नूतनीकरण करावं लागतं. सर्टिफिकेट म्हणजे उत्तम सेवेची हमी नाही. पण ते नसेल तर पुढे बघायचं कारण नाही.

दुसरं, दरपत्रक आणि हक्कांची सनद शोधा. कॅलेंडरच्या मागे लपलेली असेल तर तेही उत्तरच आहे.

तिसरं, चार प्रश्न. भूलतज्ज्ञ कुठून येतात आणि किती वेळात? रात्री नर्स कोण? रक्त लागलं तर कुठून आणता? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: "कोणत्या केसेस तुम्ही इथे घेत नाही? मग कुठे पाठवता?" ज्या डॉक्टरकडे या प्रश्नाला सरळ उत्तर आहे त्यांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. "आमच्याकडे सगळं होतं" म्हणणाऱ्या दहा कॉटच्या जागेपासून जरा जपून.

चौथं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का ते आधीच विचारून ठेवा. आयसीयूच्या दारात उभं राहून ही चौकशी करणं फार अवघड जातं.

आणि गावाचं रेटिंग फेकून देऊ नका. काकांचं "रात्री फोन उचलतोय" हीसुद्धा छोट्या गावात मोठी माहिती आहे. फक्त तिच्या शेजारी हे चार प्रश्न ठेवा.

हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून घरच्या ग्रुपवर पिन करून ठेवा: कशासाठी कुठे जायचं, कोणाचा नंबर, कोणती कागदपत्रं. म्हणजे रात्री अकराच्या फोनला द्यायला तुमच्याकडे आधीच उत्तर असेल.

तुमच्या गावातल्या नर्सिंग होमच्या भिंतीवर काय काय सापडलं ते मला जरूर कळवा. जागेचं आणि डॉक्टरांचं नाव मात्र लिहू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!